बिनखोटीची गाडी

घाटमाथ्यावरच्या एका गावात केरबा नावाचा गिरणीवाला राहत होता. दळण तो चांगले दळी. पण गावात त्याचे नाव होते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. त्याला कोणी फसवू शकत नसे.

गावात कोणाला बैल घ्यायचा असो, पाण्याचा पंप घ्यायचा असो की लेकीच्या लग्नाची भांडी, लोक केरबाला सोबत नेत. केरबा वस्तूभोवती फेरी मारी. बोलत काही नसे. मग एके जागी बोट ठेवी. बोट ठेवले तिथे खोट असायचीच. बैलाचा खूर, पंपाचा जोड, हंड्याचा टाका. विकणारा मान खाली घाली आणि भाव उतरवी. केरबाला त्याबद्दल एक चहा मिळे, एक पान मिळे. मान मिळे तो निराळा.

एखादी वस्तू चांगली आहे, असे त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते. चांगले म्हटले की भाव चढतो, असे तो म्हणे. घरीही तसेच. बायकोच्या आमटीत मीठ कमी पडले तर तो सांगे. बरोबर पडले तर जेवून उठे.

त्याची बायको तानूबाई. तिचा जन्म पिठाच्या धुरळ्यात गेला. डबे मोजून घ्यायचे, दळण झाले की ज्याचे त्याला द्यायचे, संध्याकाळी जाते झाडायचे. तालुक्याच्या पलीकडे ती गेली नव्हती. घाट उतरून गेले की समुद्र लागतो, हे तिला ठाऊक होते. गावातले लोक जाऊन येत आणि सांगत. ती ऐके.

एका वर्षी तानूबाई दाराच्या चौकटीला धडकू लागली. ताटाशेजारचा तांब्या तिला दिसेना. समोरचे दिसे, कडेचे दिसत नसे. केरबाने तिला तालुक्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी काही काळ धरून ठेवता येते. किती काळ, ते सांगता येत नाही. मग ते तानूबाईकडे वळले.

"मावशी, काय बघायचं राहिलंय ते बघून घ्या."

दोघे एसटी स्टँडवर आले. बाकावर बसल्यावर तानूबाई म्हणाली, "मला समुद्र बघायचाय."

केरबाने नाही म्हटले नाही. उलट त्याने त्यापुढचा विचार केला. शहरातल्या खानावळींना त्याच्या गिरणीतून पीठ जाई. त्याला टेम्पोचे भाडे पडे. स्वतःची गाडी घेतली तर पीठही जाईल आणि बायकोला समुद्रही दिसेल. शिवाय तरुणपणी त्याने दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवला होता. चाक हातात धरायची हौस त्याच्या मनात तेव्हापासून होती. ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. तेव्हा गाडी अशी पाहिजे की तिने पोती न्यावीत आणि ती चालवताना जिवाला बरेही वाटावे. हप्ता मात्र महिन्याला सहा हजारांच्या वर जाता कामा नये. गिरणीतून तेवढेच उरत होते.

विचार चांगला होता. त्याने तानूबाईलाही विचारले, कसली गाडी पाहिजे.

"खिडकी मोठी असावी," ती म्हणाली. "बाकी तुम्ही बघा."

शेजारी इलाही नावाचा माणूस होता. त्याची स्वतःची जीप होती, तो वडाप करी, म्हणजे भाडे घेऊन माणसे ने-आण करी. तो दोघांना शहरात जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन गेला. तिथे एक लाल गाडी उभी होती. ठेंगणी नव्हती, फार मोठीही नव्हती. मागची सीट पाडली की पोती मावत होती. हप्ता बसत होता. मालक म्हणाला, चालवून बघा.

केरबाने चाक हातात घेतले. तानूबाई त्याच्या शेजारी बसली. इलाही मागे बसला. शहराबाहेरच्या चढावर केरबाने गाडी घातली. गाडीने चढ असा घेतला की केरबा हसला. त्याला हसताना इलाहीने पहिल्यांदाच पाहिले. तानूबाईने काच खाली करून तोंड बाहेर काढले होते. तिचा पदर उडून मागे इलाहीच्या तोंडावर येत होता.

"हीच घ्या," ती म्हणाली.

केरबाचेही मन झाले होते. त्याच वेळी त्याने पैसे दिले असते तर ही गोष्ट सांगावी लागली नसती. पण परत आल्यावर तो खाली उतरला आणि सवयीने गाडीभोवती फिरला. दार उघडून दाराच्या कडेवर त्याने बोट ठेवले. आतला लाल रंग बाहेरच्या लाल रंगापेक्षा किंचित फिका होता. गाडी कधीतरी कशाला तरी घासली होती आणि दाराला पुन्हा रंग दिला होता.

मालकाने कबूल केले. भावही उतरवला. म्हणाला, दाराचा रंग आहे, इंजिनला काही झालेले नाही. इलाहीनेही खाली वाकून पाहिले आणि तेच सांगितले.

केरबा बाजूला जाऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे गावचा पार आला. तिथे बसलेली माणसे आली. ज्या केरबाने साऱ्या गावाच्या वस्तूंतली खोट काढली, त्या केरबाच्या दारात रंगवलेली गाडी. ते हसतील. समोर हसणार नाहीत, मागे हसतील.

"नको," तो म्हणाला.

तानूबाई गाडीतून उतरली. उतरताना तिचा पाय चुकला. इलाहीने तिला धरले.

त्यानंतर केरबा गाड्याच बघत राहिला. सुटीच्या दिवशी गिरणी बंद ठेवून तो शहरात जाई. एका गाडीत पोती भरपूर मावत, पण चढाला ती धापा टाकी. एक गाडी चढाला वाघासारखी, पण पोट खाली, गावच्या रस्त्यावर दगड घासणारी. एकीचा हप्ता पाचशेने वर जात होता. तानूबाई म्हणाली, मी शेवया करून विकते, पाचशे मी भरते. केरबाने तिला गप्प केले. त्याच्या गाडीचा हप्ता बायकोच्या शेवयांतून जाणार नाही, असे तो म्हणाला. एका गाडीत सगळे जमत होते, पण आधीचा मालक कोण ते कोणी नीट सांगेना. ती त्याने सोडली.

प्रत्येक वेळी तो घरी येऊन खोट कुठे सापडली ते सांगे. सांगताना त्याचा आवाज चढे. पारावरचे लोक ऐकत आणि म्हणत, याला म्हणतात पारख. केरबाला ते गोड लागे. गाडी मिळाली नाही याचे वाईट वाटायचे, ते तिथेच विरून जाई.

इलाही एकदा वैतागला.

"नाना, माझ्या आईनं सून आणताना एवढं नाही बघितलं."

"म्हणून तर तुझ्या घरात रोज भांडणं," केरबा म्हणाला.

पारावर सगळे हसले. इलाहीही हसला. मग पार रिकामा झाल्यावर तो केरबाजवळ येऊन बसला. म्हणाला, उद्या मी खाली जातोय. कोकणातल्या एका वऱ्हाडाला आणायचंय, जाताना जीप रिकामीच आहे. वहिनींना घेऊन या. भाडं नको. दुपारपर्यंत समुद्र बघून होईल. येताना तेवढं दाटीवाटीनं बसू.

केरबाने मान हलवली. दुसऱ्याच्या जीपमध्ये, वऱ्हाडाच्या पोरांत दाटून, त्याची बायको समुद्र बघायला जाणार नव्हती.

"आमची येतेय," तो म्हणाला.

तानूबाई दारात उभी होती. तिने सगळे ऐकले. रात्री जेवण वाढताना तिने एकच विचारले. आपण एसटीने जाऊन यायचे का?

"आज ना उद्या गाडी दारात येणार," केरबा म्हणाला. "मग एसटीत धक्के कशाला खायचे?"

ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. थेंब मात्र ती वेळेवर घालत राहिली. आधी स्वतः घाली. पुढे थेंब गालावर पडू लागले, तेव्हा शेजारची बाई येऊन घाली. दळणाचे डबे कोणाचे ते ती आधी बघून सांगे. पुढे झाकणावरून हात फिरवून सांगू लागली. तिला नळीतून बघितल्यासारखे दिसे. नळी दर महिन्याला बारीक होत होती. हे तिने केरबाला सांगितले होते. केरबाने ऐकले होते. औषध चालू आहे, असे तो म्हणाला होता. वस्तूतली खोट त्याला दुरून दिसे. घरात काय चालले आहे ते त्याला दिसत होते, पण तो तिकडे बघत नव्हता.

अखेर गाडी मिळाली.

तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांची होती. मुलगा परदेशी गेला, म्हणून ते विकत होते. केरबाने ती दिवसभर तपासली. खाली झोपून पाहिली. दारांच्या कडा पाहिल्या. गालिचे उचलले. पोती मावत होती. पोट उंच होते. चढावर गाडी अशी गेली की जणू रस्ताच उतरता होता. हप्ता सहा हजारांच्या आत बसला. खिडक्या मोठ्या होत्या. संध्याकाळी केरबा उभा राहिला आणि हात झटकले. खोट नव्हती.

गाडी गावात आली तेव्हा माणसे जमली. नारळ फोडला. चाकाखाली लिंबे ठेवली. पेढे वाटले. लोक म्हणाले, वेळ लागला, पण केरबाने घेतली ती घेतली. कोणी दार उघडून पाहिले, कोणी टायर दाबून पाहिला. कोणाला काही सापडले नाही. केरबा छाती काढून उभा होता. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता.

तानूबाई शेजारणीचा हात धरून बाहेर आली. तिने गाडीला हात लावला. दारावरून हात वर नेला, खिडकीच्या कडेने फिरवला.

"मोठी आहे," ती म्हणाली. मग विचारले, "रंग कोणता?"

गाडी तिच्यासमोर, भर उन्हात उभी होती.

"पांढरा," केरबा म्हणाला.

आता जायचे कशाला, असे कोणीतरी मागे कुजबुजले. केरबाने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गिरणीला कुलूप लावले आणि तानूबाईला गाडीत बसवले. ती नको म्हणाली नाही. हो म्हणाली नाही.

घाटात गाडी सुरेख चालली. केरबा तिला सांगत राहिला, बघ, वळणावर कशी वळते, बघ, आवाज नाही. बघ म्हटले की तो थांबे. मग पुन्हा तोंडातून तेच निघे. तानूबाई मांडीवर हात ठेवून बसली होती. खाली उतरल्यावर हवा बदलली. ओलसर, खारी झाली. तिने नाकाने वास घेतला. आला का, तिने विचारले. केरबा म्हणाला, आला.

त्याने गाडी वाळूच्या कडेला उभी केली. तिला हात धरून उतरवले. लाटांचा आवाज येत होता. ती आवाजाच्या दिशेला तोंड करून उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "कसा आहे, सांगा."

केरबाने पाहिले. समोर समुद्र होता. इतके मोठे असे त्याने कधी काही पाहिले नव्हते. उन्हात तो लांबवर चमकत होता आणि त्याला शेवट नव्हता. केरबाने तोंड उघडले.

"पाणी गढूळ आहे," तो म्हणाला.

ती थांबली.

"कडेला कचरा आलाय."

ती अजून थांबली होती. केरबाने शब्द शोधले. चमकते त्याला काय म्हणावे, संपत नाही त्याला काय म्हणावे. चांगल्याला लागणारे शब्द त्याने आयुष्यात कधी वापरले नव्हते, ते आता कुठून आणणार? त्याला दिसत होते आणि सांगता येत नव्हते. त्याने पुन्हा तोंड उघडले.

"होड्यांचा रंग उडालाय," तो म्हणाला.

तानूबाईने मान हलवली. केरबाला वाटले, ती रडेल. ती रडली नाही. तिने चाचपडत त्याचा हात धरला.

"बरं," ती म्हणाली. "मग चला घरी."

तात्पर्य: वस्तूतली खोट शोधताना वस्तू कोणासाठी घ्यायची होती हे विसरू नये. बिनखोटीची गाडी उशिरा का होईना मिळते; माणसाचे उजेडाचे दिवस एकदा गेले की मिळत नाहीत.