तानूबाईचा शब्द

कुणीतरी फुस्सकन हसलं. मग सगळा घाट हसला. चाळीस वर्षं झाली, ते हसू अजून माझ्या कानात आहे.

आम्ही भिवाची राख सावडायला जमलो होतो. नदीवर धुकं होतं. माणसं पाण्यावर उभी असल्यासारखी दिसत होती. गावोगाव भाषणं करणारा दिगंबर श्रद्धांजलीला उभा राहिला. म्हणाला, "अखेरच्या श्वासापर्यंत मी भिवाच्या उशाशी होतो..."

भिवाची आई तानूबाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तोंडानं पादू नको, बाळा."

माणसं पांगली. धुकं तसंच होतं. दिगंबर सोनगीर महाराजांच्या ओट्यावर आला. तो त्यांचा शिष्य. मी तिथंच भिंतीला टेकून बसलो होतो.

"महाराज, असला घाण शब्द... आला तरी कुठून?"

"भुकेतून."

"म्हणजे?"

"कुणी उपाशी माणूस म्हणाला असेल, पोट भरलंय माझं. तेवढ्यात पोटानं आवाज केला... ऐकणाऱ्याला शब्द सापडला."

"चार गावांत माझं नाक कापलं तिनं."

"पोटाचा वारा कधी खोटं बोलत नाही रे. तुझ्या बोलण्याला तिनं फारच चांगलं नाव दिलं."

महाराजांनी मग विचारलं,

"भिवा किती दिवस अंथरुणाला होता?"

"आठ महिने."

"तू किती वेळा गेलास?"

दिगंबरनं मान हलवली, एकदाही नाही. आवाज भाषणातला नव्हता.

"लहानपणी त्याच्याच ताटात जेवायचो मी. तीच वाढायची. आता ती मला दारातही उभं करायची नाही."

महाराजांनी झोळी पुढं ओढली. सकाळच्या भिक्षेच्या तीन भाकरी होत्या, थोडा झुणका होता. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, बाहेरची माणसं भाकरी नेऊन देतात. महाराजांनी सगळं दिगंबरच्या उपरण्यात बांधलं.

"तिथं काय बोलू? म्हणजे... माते, माझ्या या वाणीनं तुझ्या काळजाला..."

"पुन्हा पोट फुगलं का रे?"

दिगंबर ओशाळला. गाठोडं त्यानं छातीशी धरलं.

"आणि तिनं पुन्हा तोच शब्द तोंडावर मारला तर?"

"असं आपल्याच पोराला बोलतात. समज, घरात घेतलं."

दिगंबर उठला. तानूबाईच्या घराकडे चालू लागला.