उजवीकडचा खांब

एकदा एक तरुण डॉक्टर आपल्या गुरूंच्या दारी आली, ती चपला काढण्याआधीच बोलू लागली. गुरूंचे सारे आयुष्य मेंदूच्या आजारांवर उपचार करण्यात गेले होते. त्यांनी तिला बसायला सांगितले; ती बसली आणि लगेच उठून येरझाऱ्या घालू लागली.

ती ज्या खाडीकाठच्या गावात दवाखाना चालवीत होती, तिथे जानू नावाचा एक नावाडी होता. भर दुपारी, लख्ख उन्हात त्याची होडी उजव्या अंगाच्या एका जुन्या खांबावर आदळली आणि होडीतल्या एका बाईचा पाय मोडला. खांब मला दिसलाच नाही, असे जानू सांगत राहिला. गावाला ते पटेना. पिऊन होडी हाकलीस आणि वर खोटे बोलतोस, असे लोक म्हणू लागले. गावच्या बैठकीत शेवटी तिलाच विचारण्यात आले. तिने जानूचे डोळे तपासले होते. दोन्ही डोळे निरोगी होते. लांबची बारीक अक्षरेही तो वाचत होता. डोळ्यांत कसलाही दोष नाही, असे तिने चारचौघांत सांगितले. त्याच संध्याकाळी गावाने जानूची होडी काढून घेतली.

त्यानंतर जानूच्या बायकोचे औषध द्यायला ती त्याच्या घरी गेली, तेव्हा तो जेवत होता. ताटात डावीकडे भाकरी होती, उजवीकडे तळलेला बांगडा. जानूने भाकरी संपवली आणि आज नुसती कोरडी भाकरीच का वाढलीस, म्हणून बायकोला विचारले. दारात कोणी उभे आहे हे त्याला ठाऊकही नव्हते. सोंग करायचे तर कोणासाठी? तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नव्हता. रुग्ण तपासताना तिचे लक्ष उडे, हातातले काम अर्धे राही. आपली तपासणी चुकली का, असे तिने गुरूंना विचारले. तपासणी बरोबरच आहे, असे ते म्हणाले, आणि त्यामुळे तर ती अधिकच अस्वस्थ झाली.

गुरू तिच्याबरोबर गावात आले. तिला वाटले, ते आता डोळ्यांत बॅटरी मारून पाहतील. त्यांनी डोळ्यांकडे पाहिलेही नाही. ते जानूच्या पाठीशी जाऊन उभे राहिले आणि त्याच्या केसांतून बोटे फिरवू लागले. डोक्याच्या मागे, डाव्या बाजूला त्यांची बोटे थांबली. तिथे भरून आलेली खोक होती. जानूने सांगितले, अपघाताच्या थोडे आधी शेवाळावरून पाय घसरून तो धक्क्याच्या दगडावर उताणा पडला होता. दोन दिवस डोके दुखले, मग राहिले; त्यात सांगण्यासारखे काय, असे त्याला वाटले.

मग गुरू त्याच्यासमोर बसले. माझ्या नाकाकडेच पाहा, असे सांगून त्यांनी दोन्ही हात पसरले आणि बोटे हलवली. जानूला आपल्या डावीकडची बोटे दिसली, उजवीकडची नाहीत. एक डोळा झाकला, मग दुसरा. दोन्ही वेळा उजवी बाजूच हरवलेली.

बाहेर आल्यावर गुरू म्हणाले, "डोळा फक्त प्रकाश घेतो, बाळ. पाहणे घडते ते मस्तकाच्या मागे. समोरच्या जगाचा तिथे एक नकाशा उमटतो. जगात शेजारी असलेले नकाशातही शेजारी, पण उजवे जग डाव्या भागात आणि डावे उजव्यात. जिथे आपण रोखून पाहतो, त्या इवल्या जागेला नकाशात सर्वांत मोठा प्रदेश मिळतो. जानूचा तेवढा प्रदेश शाबूत आहे, म्हणून तो तुझी अक्षरे वाचू शकला. डाव्या भागातला बाकीचा नकाशा त्या दगडाने पुसला. आणि नकाशाच पुसला गेला, की तिथे काळोखसुद्धा दिसत नाही. काही हरवले आहे, हेच माणसाला कळत नाही."

"मलाही कळले नव्हते," ती म्हणाली.

"तुला निदान चैन पडत नव्हती. ती बेचैनी होती, म्हणून आपण इथे आलो."

शहरात काढलेल्या मेंदूच्या चित्राने गुरूंचे म्हणणे खरे ठरवले. तिने पुन्हा बैठक बोलवायला लावली. डोळे निरोगी असूनही माणसाला अर्धे जग दिसेनासे होऊ शकते, हे तिने समजावले आणि पहिल्या वेळी आपण केवळ डोळ्यांपुरते उत्तर दिले होते, हेही सांगितले. होडी परत द्यावी का, असे कोणीतरी विचारले. नाही, ती म्हणाली. गेलेले परत येईल याची खात्री नाही. मान वळवून पाहायची सवय तो करील, पण माणसे घेऊन होडी हाकणे आता त्याच्याकडून होणार नाही.

होडी कायमची गेल्याचे जानूने ऐकले. त्याने मान वळवून बायकोला शोधले आणि तो हळूच म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो."

लोक पांगले. डॉक्टर मात्र तिथेच बसून राहिली. तिच्या मनातली चुळबुळ पुरती शमली नव्हती. पण आता ती शमवण्याची घाईही तिला नव्हती.