पिंपाच्या तोंडावरचा जोड

वस्तू एकमेकींना विचारल्याशिवाय जोडल्या जात नसत, त्या काळची ही गोष्ट. वसईच्या बस्त्यावकाकांनी घरी केलेल्या बिअरचं पिंप फ्रिजमध्ये ठेवलं होतं आणि फ्रिजच्या दारावर तोटी बसवली होती. मधली नळी निवडायचं काम पिंपाच्या तोंडावरच्या जोडाचं. नळी आत सारली, की तो 'कट्' करून अशी धरी की थेंब गळायची बिशाद नव्हती. या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता.

दोन नळ्या आल्या. बाहेरून दोघी सारख्याच जाड. एक आखूड, आतून ऐसपैस. ती म्हणाली, "मी एका दमात ग्लास भरते."

दुसरी लांबलचक, आतून बारीक, वेटोळं घालून बसलेली. ती म्हणाली, "माझ्यातून यायला वेळ लागतो, दादा."

"पाहुणे येऊन बसलेत. वेळ आहे कुणाला?" असं म्हणत जोडानं आखूड नळी धरली. कट्!

पाहुणे म्हणजे लेकीच्या सासरची माणसं. काकांनी तोटी उघडली, तर पिंपात कोंडलेल्या गॅसचा सगळा जोर एकदम सुटला आणि ग्लासात फस्सकन नुसता फेस. दुसऱ्या ग्लासातही तेच. व्याही मिशीचा फेस पुसत हळूच म्हणाले, "बस्त्यावभाऊ, आज दाढी करायचा बेत आहे का?"

जोड शरमला. त्यानं पकड सोडली आणि लांब नळीला जवळ केलं. वेटोळ्यात जोर जिरवत बिअर निवांत उतरली. ग्लास सोनेरी भरला, वर जेमतेम दोन बोटं फेस.

तेव्हापासून कुठलीही नळी आपण बिअर किती भराभर सोडतो ते सांगू लागली, की जोड म्हणे, "ते राहू दे, बाई. आवरून किती धरतेस, ते सांग."