अंगणासारखं कुरण

त्या दिवशी ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. डोंगरमाथ्यावर वारा असा सुटला होता, की घोंगडीचं टोक मुठीत धरूनच चालावं लागे. ढग सगळे खाली दरीत राहिलेले, आणि वर आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख. फार जुनी गोष्ट आहे ही, बाळांनो. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. इतकी जुनी, की त्या डोंगरावर चढायला तेव्हा धड पायवाटही पडली नव्हती.

तर त्या उंच कुरणावर एक मेंढपाळ राहत होता. कुरणाच्या मधोमध दगडांची एक ओळ होती. ओळीच्या अलीकडे त्याचं रान, पलीकडे शेजारणीचं. शेजारीण वयाने मोठी, म्हणून तो तिला आक्का म्हणे.

मेंढपाळ हाताचा फार नेटका. मेंढवाड्यात ओल राहिली की मेंढ्यांचे खूर कुजतात, म्हणून तिथले लोक दरवर्षी मेंढवाड्याची जमीन धुमसाने, म्हणजे दांड्याच्या जड ठोकळ्याने, ठोकत आणि वरून शेणाने सारवत. याची जमीन अशी घट्ट बसे, की घागर लवंडली तर पाणी सरळ दाराबाहेर जाई. आजूबाजूचे लोक मुद्दाम बघायला येत, आणि याला ते आवडे. कुणाला नाही आवडणार?

त्या दिवशी चरता चरता त्याची लाडकी मेंढी, काळतोंडी, अचानक ओरडली. गाभण होती बिचारी. तिचा पुढचा पाय एका बिळात गेला आणि मोडला.

बीळ होतं खोद्यांचं. खोदे म्हणजे मुठीएवढे प्राणी. कान आखूड, शेपूट नसल्यातच जमा. जमीन पोखरून राहायचे, आणि गवत कापून उन्हात वाळवून थंडीसाठी साठवायचे.

मेंढपाळाने काड्या लावून पाय बांधला. आक्का दगडांच्या ओळीपाशी आली.

"मुरगळला का रे?"

"मोडला, आक्का. या तुझ्या लाडक्यांनी मोडला!"

"माझे कशाने? तुझ्या रानात राहतात, तर तुझेच पाहुणे."

"पाहुणे असे गवत फस्त करून बिळात झोपतात होय?"

"काही पाहुणे तसेच असतात की," आक्का हसून म्हणाली. मग शांतपणे म्हणाली, "गवत तुझ्या मेंढ्यांनी बुडापर्यंत खाल्लं आहे, बाबा. उंच गवतात खोद्यांना कोल्हा दिसत नाही, म्हणून ते उघडं रान धरतात. थोडं रान न चारता राहू दे. आपोआप आवरतील."

"तुझं रान राहू दे चाळणी होऊन," मेंढपाळ म्हणाला. "माझं मी अंगणासारखं करून दाखवतो!"

आणि त्याने केलंही. बिळांच्या तोंडाशी शेण्यांचा धूर केला. खोदे पळाले, काही दगडांच्या ओळीपलीकडे गेले, काही कुठे गेले कोण जाणे. मग त्याने बिळं बुजवली आणि धुम्मस उचललं. दिवसचे दिवस तो ठोकत होता. बायको म्हणाली, "अहो, कुरण कुणी चोपतं का?" तो म्हणाला, "तू बघच."

पाऊस आला. पाणी उतारावरून झरझर निघून गेलं. मेंढपाळ दारात उभा राहून खूश. "बघ, ओलीचं नाव नाही!" पाणी गढूळ का होतं, हे काही त्याने पाहिलं नाही.

काळतोंडीचा पाय जुळला. तिला एक पांढरं कोकरू झालं. पण कुरणावर गवत विरळच उगवलं. जुन्या बिळांत घरटी करणारे छोटे पक्षी यंदा आले नाहीत, आणि होतं तेवढं गवत टोळांनी खाल्लं. उन्हाळा लागतो न लागतो, तोच उताराच्या पायथ्याचा झरा आटला. तो झरा म्हणजे मेंढपाळाचा जीव. सगळा कळप त्याच्यावर. मेंढ्यांचं दूध आटलं. एके दिवशी त्याने पाहिलं, काळतोंडीचं कोकरू झऱ्यातला कोरडा दगड चाटत होतं.

त्याला राहवलं नाही. कोकरू खांद्यावर घेऊन आणि मान खाली घालून तो दगडांची ओळ ओलांडून गेला.

"आक्का, पाणी..."

"अरे, विचारतोस काय? आण कळप आधी."

तिचा झरा वाहत होता. मेंढ्या पोटभर प्यायल्या. मेंढपाळ खाली बघत उभा राहिला. आक्काची जमीन पायाखाली मऊ दबत होती. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत माती, आणि त्या मातीत नवी कोवळी पालवी.

आक्काने घागर आणली. निम्मं पाणी बिळाशी ओतलं. जमिनीने ते गटगट पिऊन टाकलं. उरलेलं तिने ओळीपलीकडे, त्याच्या रानात ओतलं. ते न मुरता ओघळत ओळीपाशी उभ्या मेंढपाळाच्याच पायांवर आलं.

मेंढपाळाने आपल्या ओल्या पायांकडे पाहिलं. "मी डोंगराचा मेंढवाडा केला," तो हळूच म्हणाला.

"केलास खरा."

"आता काय करू?"

"धुम्मस मेंढवाड्यातच ठेव. अर्धं रान राखून ठेव. बाकी काम करणारे येतील त्यांचे ते."

"आणि काळतोंडीचा पाय पुन्हा गेला तर?"

"बिळांवरून कळप हाकू नये, एवढं तरी मेंढपाळाला कळावं की नाही?"

दोघंही हसले.

त्याने तसंच केलं. खोदे एकेक करून ओळीअलीकडे आले. राखलेल्या रानात गवत उंच झालं, तिथे ते शिरले नाहीत. उघड्या जागी तेवढे राहिले. दोन पावसाळे गेले, आणि एका सकाळी पायथ्याचा झरा पुन्हा बोलू लागला.

आता मेंढपाळ कळप वळसा घालून नेई. एकदा तो उन्हात बसला होता. समोर एक खोदा दगडावर गवत वाळत घालत होता. खालची बाजू वर, वरची बाजू खाली, अगदी नेटकं. मेंढपाळ कौतुकाने बघत राहिला. नेटकेपणाची पारख त्याला होतीच.

आक्का ओळीपाशी येऊन टेकली आणि म्हणाली, "तू पाण्याला डोंगरावरून हाकलत होतास, आणि हे त्याला घरात घेत होते. ज्याचं काम आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला बिनकामाचा म्हणू नये, बाबा."