न झिजणारी होडी

त्या राज्यात कामाच्या वस्तूंची सावली दरवर्षी थोडी थोडी कापली जात असे. घरातल्या उखळाची, पाळण्याची, दारातल्या दगडाची सावली कोणी मोजत नसे. ती सूर्याची होती. पण ज्या वस्तूवर कोणी पोट भरी, तिची सावली वेशीच्या ताब्यात असे. वस्तू घेताना जितके मिठाचे खडे मोजले, तितकी तिची सावली लांब. मग वर्षागणिक आखूड. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. वस्तू वापरली की झिजणार, आणि झिजली की सावली तरी पूर्वीएवढी कशी राहील?

काहीतरी चुकतंय, असं भेकरीला पहिल्यांदा वाटलं ते मागच्या खुरांना चटका बसला तेव्हा. वडिलांची होडी विकायची म्हणून काठावर ओढून ठेवली होती आणि तिच्या सावलीत ती जरा टेकली होती. तिने पाय आखडून घेतले. मग शेपटी पोळली. होडीत अख्खा कळप मावायचा, आणि सावली मात्र भोपळ्याएवढी. आजवर हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण होडी एक तर पाण्यात असायची, नाहीतर राळ लावायला उंबराखाली, आणि उंबराच्या गर्द सावलीत दुसऱ्या कोणाची सावली वेगळी दिसत नाही.

भेकरी दचकली आणि भुंकली. काठावर कोणी मान वर केली नाही.

"पान पडलं वाटतं," पलीकडून कोणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं हसली. भेकरी वाऱ्याला भुंके, माशाला भुंके, स्वतःच्याच खुराखाली मोडलेल्या काटकीला भुंके. तिच्या हाकेला ओ द्यायची सवय त्या काठाला राहिली नव्हती.

वडील गेल्यावर तिने होडी चालवून पाहिली होती. मधल्या धारेत मासा उसळला की तिच्याकडून बांबू सुटे, आणि उतारू तिच्यापेक्षा जास्त घाबरत. तेव्हा तिने होडी विकायचं ठरवलं. तिला एक काम मात्र न दचकता येई: राळ उकळणं. सालईची राळ किती तापली की काढायची, तेल कधी सोडायचं, फटीत बसेल इतकी घट्ट कधी होते, हे तिला वासावरून कळे. पलीकडच्या काठावर साळिंदरकाकांची राळेची भट्टी दहा खड्यांना मिळत होती. काका डोंगरात लेकीकडे निघाले होते. आज दिवस मावळेपर्यंत थांबतो, म्हणाले होते. भट्टी हाती आली नाही, तर आईला घेऊन दुसऱ्याच्या कुरणाच्या कडेला उभं राहायचं आणि उरलेलं चरायचं.

होडी घोरपडमावशी बारा खड्यांना घेत होती. वडिलांनी ती दहाला घेतली होती. भेकरी वरच्या पठारावर शिकून आली होती, त्यामुळे हिशेब तिने आधीच करून ठेवला होता. बारातून दहा गेले, वाढ दोनची, वाढीतला अर्धा वाटा वेशीचा, म्हणजे एक, उरले अकरा. दहाची भट्टी, आणि एक खडा आईला उन्हाळाभर चाटायला. हे तिने आईला इतक्या वेळा सांगितलं होतं की आई झोपेतही मान डोलावू लागली होती.

काठावरच्याच वेशीवर बगळा होता. एका पायावर उभा राहून तो सावल्या चोचीने मोजी. होडीपाशी त्याने चोच दोनदा टेकवली.

"दोन."

"दोन काय, भाऊसाहेब?"

"सावली. दोन खड्यांची. बारातून दोन गेले, वाढ दहाची. पाच ठेवा आणि पुढे व्हा."

भेकरीने मनात हिशेब पुन्हा केला. बारातून पाच गेले तर उरणार सात.

"पण बाबांनी दहाला घेतली होती."

"घेतली असेल. आठ वर्षं झाली. दरवर्षी एका खड्याची कापली."

"पण बघा ना तुम्हीच, एक फळी बदललेली नाही. कुठे झिजलीय ही होडी?"

"मी होडी कुठे मोजतोय?" बगळा म्हणाला.

घोरपडमावशीने होडीच्या दोराचं टोक पकडलं. त्या राज्यात विकणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हातात दोर पूर्ण गेला की व्यवहार झाला. मग वेशीवर बोललेलं कोणी मागे घेऊ शकत नसे. "पोरी, ऊन चढतंय," ती म्हणाली. "दोर सोड, मीठ घे, मोकळी हो. वेशीशी भांडून तुला शिंगं फुटणार आहेत का?"

भेकरीच्या पायांनी पळायचं ठरवलंच होतं. एरवी ती एव्हाना करवंदीच्या जाळीत असती. पण दोराचे दोन वेढे तिच्या पुढच्या पायाला होते, आणि पळायचं तर होडीसकट पळावं लागलं असतं. ती उभी राहिली.

"कापलेले तुकडे कोणाला मिळतात?" तिने विचारलं.

"मालकाला. झिजेच्या दिवशी."

झिजेचा दिवस तिला आठवत होता. वर्षातून एकदा सगळे मालक वेशीच्या ओट्यावर चढत आणि चारचौघांत म्हणत, "माझी वस्तू झिजली." घाण्याचं अस्वल तर म्हणताना डोळेही पुसायचं, आणि खालून सगळे हसायचे. जो म्हणे त्याच्या हातात त्या वर्षीचा सावलीचा तुकडा पडे. वर्षाच्या कमाईचा अर्धा वाटा वेशीला देताना तो तुकडा पुढे केला की कमाईतल्या एका खड्यावर वाटा लागत नसे, म्हणजे अर्धा खडा वाचे. वडील दरवर्षी ओट्यावर चढत. आपली पाळी आली की मान ताठ करून म्हणत, "माझी होडी झिजत नाही." लोक टाळ्या वाजवत. एका वर्षी भेकरी त्यांच्या पाठीवर होती, आणि त्या टाळ्यांनी ती दचकली नव्हती.

"बाबा कधी झिजली म्हणालेच नाहीत," ती म्हणाली. "तरी कापली?"

"झिजली म्हणा, नका म्हणू. कात्री विचारत नाही."

"मग त्यांचे तुकडे कुठे गेले?"

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. हा प्रश्न त्याला कधी कोणी विचारला नसावा. "न नेलेले तुकडे खाली जातात. वेशीखालच्या भुयारात."

"ते परत मिळतात?"

"मालकाने हाक मारायची. मालकी आहे तोवर."

"म्हणजे दोर माझ्याकडे आहे तोवर."

"तोवर."

"बाबांनी आठही वर्षं पूर्ण वाटा भरला. दरवर्षी अर्धा खडा जास्त. आठ वर्षांचे चार." तिचा आवाज कापत होता, हिशेब कापत नव्हता. "तुकडे आणले तर ते चार परत मिळायला हवेत. सात आणि चार, अकरा."

"आणले तर," बगळा म्हणाला आणि पाण्याकडे बघू लागला.

घोरपडमावशीने सुस्कारा सोडला, पण दोर ओढला नाही. "वेशीच्या भिंतीला ऊन लागेपर्यंत थांबते," ती म्हणाली. "खालच्या वळणावर आणखी एक होडी विकायची आहे, आणि तिच्या मालकिणीला गणित येत नाही."

भुयाराचं तोंड वेशीच्या पायथ्याशी होतं. आतून गार हवा येत होती. भेकरीने आत मान घातली आणि लगेच बाहेर काढली. मग पुन्हा घातली.

"कोणी आहे का?"

काही नाही.

"मी नावाड्याची मुलगी. आमचे तुकडे न्यायला आलेय."

तिचाच आवाज लांब जाऊन बारीक होत परत आला. ती भुंकली. वेशीवर रांगेत उभ्या असलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालंच, "पान पडलं." ती पुन्हा भुंकली, आणि पुन्हा. ऊन भिंतीच्या बुडाशी आलं.

काय म्हणायला हवं, ते तिला पहिल्या हाकेपासून ठाऊक होतं. म्हणूनच तर ती बाकी सगळं म्हणून पाहत होती.

तिने मागे वळून पाहिलं. आई होडीला टेकून उभी होती. कडेची फळी ती जिभेने हळूहळू चाटत होती, एखाद्या पाडसाला चाटावं तशी.

"आई, मला म्हणावं लागेल."

आई थांबली. "म्हण गं," ती म्हणाली. "त्यांना आता ऐकू जायचं नाही."

भेकरी भुयाराकडे वळली. "माझी होडी झिजली."

शब्द आत गेले आणि या वेळी परत आले नाहीत. आत कोणीतरी कान दिल्यासारखी शांतता होती. मागे रांगेतलं हसणंही थांबलं होतं, कारण ही होडी झिजत नाही, हे त्या काठावर सगळ्यांना ठाऊक होतं.

एवढ्याने भागणार नव्हतं. कुठे झिजली, कधी झिजली? आणि मग तिला कळलं की हे सांगू शकेल अशी राज्यात ती एकटीच आहे. दरवर्षी टाळ्या घेऊन वडील घरी येत, बोलत काही नसत, होडी उंबराखाली ओढत आणि म्हणत, "राळ ठेव." कुठली फट, किती राळ, सगळं तिच्या नाकाला ठाऊक होतं.

"पहिल्या वर्षी होडीच्या टोकाची नाळ खडकाला घासली," ती आत ओरडली. "वाटीभर राळ लागली. दुसऱ्या वर्षी तळाची फट. ती बाबांनी मला दाखवली नाही, पण राळ दुप्पट करायला सांगितली. पुढच्या वर्षी घाण्याचं अस्वल उतरताना डावी कड चिरली."

"मी नव्हे," रांगेतून अस्वल पुटपुटलं.

"तूच," आई म्हणाली.

भेकरी सांगत राहिली. पुराच्या वर्षी मागची फळी फुगली. त्याच्या पुढच्या वर्षी खिळ्यांची भोकं सैल झाली, एकेक भोक बुजवताना वडिलांचा श्वास लागत होता. सहाव्या वर्षी पुन्हा तळ. सातव्या वर्षी सगळीच. एक अख्खं भांडं, आणि तरी पाणी यायचं, आणि उतारूंना दिसू नये म्हणून ते त्या पाण्यात पाय ठेवून उभे राहायचे.

ऊन भिंतीवर चढलं. घोरपडमावशी उठली नाही.

"आठव्या वर्षी..." भेकरी थांबली. आठव्या वर्षी तिने राळ उकळली नव्हती. "आठव्या वर्षी होडीला काही लावलं नाही. लावणारा झिजला होता."

आत, खूप खोल, काहीतरी सरकलं. ओली घोंगडी दगडावरून ओढावी तसा आवाज. मग भुयाराच्या तोंडातून राळेचा वास आला, तिने स्वतः उकळलेल्या राळेचा, सगळ्या वर्षांचा एकदम. भेकरी दचकली. पण भुंकली नाही, पळाली नाही, दोर घट्ट धरून उभी राहिली. अंधारातून आठही तुकडे जुळलेली एक लांब, निमुळती सावली बाहेर येत होती. नाळ खडकाला घासलेली, डाव्या कडेला चिरलेली. ती येऊन तिच्या पोळलेल्या खुरांवर पसरली, आणि खुरांना गार वाटलं.

"आहे," तिच्या पहिल्या हाकेला आतून कोणीतरी ओ दिली.