मायाक्कानं ढोल्याला कातरलं त्याची गोष्ट

आटपाट नगर नव्हतं, बरं का, आटपाट डोंगर होता. डोंगरावर एक झोपडी. झोपडीत मायाक्का धनगरीण, तिचा नवरा धुळाप्पा आणि त्यांची तीन वर्षांची लेक लिंबी. एकदा काय झालं, हिमालयाकडून एक गोसावी आला. मायाक्काच्या हातचं ताक प्यायला आणि तिच्या ओटीत कुत्र्याचं एक केसाळ पिल्लू टाकलं. "सांभाळ बाई, मोठा होईल हा," एवढंच म्हणाला नि गेला.

मोठा म्हणजे किती? पहिल्या महिन्यात बोकडाएवढा झाला. दुसऱ्या महिन्यात वासराएवढा. तिसऱ्या महिन्यात दारातून आत येईना, तेव्हा धुळाप्पानं दारच रुंद केलं. नाव पडलं ढोल्या. एका बैठकीला नऊ भाकरी खायचा आणि दहावीकडे बघत राहायचा. लाडानं अंगावर आला की धुळाप्पा उताणा! कालवणात केस, दुधात केस, लिंबीच्या नाकात केस. मायाक्का दिवसभर करवादायची. पण लिंबी त्याच्या पोटाशी गाढ निजलेली दिसली की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं.

आणखी एक होतं. जवळ या, हळू सांगते. वरच्या खिंडीत धुक्याचा लांडगा राहायचा. त्याला पाय नव्हते, म्हणून चाहूल नव्हती. जो त्याला पाठ दाखवील त्याला तो गिळायचा. पण ढोल्या रोज खिंडीकडे तोंड करून बसायचा. लांडग्याला वाटायचं, हा दुसरा डोंगरच आहे. मग तो मुकाट परत जायचा.

मग उन्हाळा आला. एवढे केस, एवढं ऊन! ढोल्या हातभर जीभ काढून धापा टाकायला लागला. घागर संपवली, मेंढरांची पाण्याची डोणी संपवली, तरी धाप थांबेना. मायाक्काला त्याची दया आली. मेंढरांची कातरणी चालूच होती. धनगरणीच्या हातात कातर आणि समोर ढीगभर लोकर, मग हात थांबतोय होय? तिनं ढोल्यालाही कातरलं. पार कातडीपर्यंत.

आणि आतून काय निघालं? एवढासा कुत्रा! ऊन त्याच्या उघड्या कातडीला चावायला लागलं, वारा टोचायला लागला. ढोल्या स्वतःच्याच सावलीला बिचकला आणि कणगीमागं जाऊन लपला. आता खिंडीकडे तोंड करून कोण बसणार? त्यातून धुळाप्पा घोंगड्या विकायला लांबच्या बाजाराला गेलेला.

मग भर दुपारी खिंडीतून धुकं उतरलं. पहिल्या दिवशी ते वाघरीपर्यंत, म्हणजे मेंढरांच्या जाळ्यापर्यंत आलं. एक कोकरू गेलं. दुसऱ्या दिवशी अंगणात आलं. शिंगाळा एडका गेला. तिसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आलं, आणि आत लिंबी होती.

मायाक्काला वाटलं, पोरीला उचलावं आणि पळत सुटावं. पण पळायचं म्हणजे पाठ दाखवायची. दार लावावं, तर धुक्याला फट पुरते. तिनं लिंबीला पोटाशी बांधलं आणि उंबऱ्यात बसली, डोळे धुक्यावर रोखून. लांडगा गुरगुरला, ती हलली नाही. त्यानं गार श्वास सोडला, तिचे दात वाजले, पण ती हलली नाही. मग तो हसला, बरं का. हसला आणि पसरला. झोपडीला वळसा घालून मागच्या कुडातून आत शिरला. आता पुढंही तोच, मागंही तोच!

मायाक्काला रडू फुटलं. "ढोल्या, ये रं बाबा! चुकलं माझं. मला बी लई भ्या वाटतंय रं!"

कणगीमागं काहीतरी हललं. शेपूट पायांत घालून, कुडकुडत, सरपटत ढोल्या बाहेर आला. भुंकला नाही. गुरगुरला नाही. आला आणि मायाक्काच्या पाठीला पाठ लावून बसला, तोंड कुडाकडे करून. तो थरथरत होता, ती थरथरत होती. कुणाची थरथर कुठली, तेही कळेना.

लांडग्यानं पुढून बघितलं, तर डोळे. मागून बघितलं, तर डोळे. कडेनं बघितलं, तर तिथंही लिंबीचे टकामका डोळे! मग पाठ कुठाय? तो घुटमळला, घुटमळला, आणि तेवढ्यात ऊन पडलं. धुकं विरलं. अंगणात बघतात तर काय, कोकरू आणि एडका, ओलेचिंब, अंग झटकत उभे.

धुळाप्पा घरी आला तेव्हा तिघं तशीच टेकून झोपली होती. ढोल्याचे केस परत वाढले. उन्हाळा आला की मायाक्का त्याला झऱ्यात डुंबवायची, पण कातर दूर ठेवायची. कालवणातला केस काढून बाजूला ठेवत सगळी सुखानं राहिली.

आता कुशीवर व्हा आणि डोळे मिटा. पाठ उघडी राहील म्हणून भिऊ नका. मी बसलेय ना मागं.