मोकळ्या रकान्यातलं ‘नाही’

“पण सर, समोरून उत्तर आलंच नाही, तर प्रोग्रामनं लिहायचं तरी काय?” ओजसनं विचारलं.

विभूते सर सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“तू काय लिहिलंस?”

“‘नाही’ लिहिलं.”

“कोणी सांगितलं होतं तुला, नाही म्हणून?”

“कोणी सांगायला कशाला हवं? प्रोग्रामच्या तयार फ्रेमवर्कमध्येच तशी सोय आहे. सगळे तेच करतात, सर.”

सरांनी मान हलवली आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात ओजस दांडेकर सकाळीच येऊन पोचला होता. बारा वर्षांपूर्वी याच सरांनी त्याला कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवलं होतं. निवृत्तीनंतर सर मठात राहायला आले आणि तिथलं रोजचं अन्नदान, ज्याला तिथली माणसं दासोह म्हणतात, ते सांभाळू लागले. ओजसच्या हाताखाली आता अकरा माणसं होती. सरांच्या काळातलं ज्ञान आता जुनं झालं, असं तो मित्रांत हसत हसत बोलतही असे. आज मात्र त्याला सरांच्याच तोंडून एक वाक्य ऐकायचं होतं. तुझी चूक नाही, एवढंच.

गेल्या पंधरा दिवसांत त्याचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

झालं होतं ते असं. एका धर्मादाय रुग्णालयासाठी त्यानं रुग्ण दाखल करून घेण्याची व्यवस्था बनवून दिली होती. नर्स पडद्यावरचा फॉर्म भरते आणि बटण दाबते. भरलेलं सगळं एकत्र बांधून सर्व्हरकडे जातं, त्या गाठोड्याला रिक्वेस्ट म्हणतात. तिकडे ओजसचा प्रोग्राम ते गाठोडं सोडतो, एकेक रकाना वाचतो आणि नोंद करतो. रकाना मोकळा आला, तर त्या जागी काय धरून चालायचं, हेही प्रोग्रामला आधीच सांगून ठेवता येतं.

‘औषधाची ऍलर्जी आहे का?’ या रकान्यासाठी ओजसनं सांगून ठेवलं होतं, काही आलं नाही तर ‘नाही’ धर.

रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना अहवालात मोकळ्या जागा खपत नसत. कागद कसा भरलेला दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या एका ओळीबद्दल त्यांनी भर सभेत ओजसची पाठ थोपटली होती.

आणि मग एका दुपारी रस्त्यावरच्या अपघातातून एका बाईला बेशुद्ध उचलून आणलं. सोबत ओळखीचं कोणी नव्हतं. दाखल करून घ्यायला मंदाकिनी घरत सिस्टर होत्या. ऍलर्जीचं विचारणार कोणाला? त्यांनी तेवढा रकाना तसाच सोडला आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं डॉक्टरांनी पडदा पाहिला. ऍलर्जी, नाही. खाली नोंद करणाऱ्याचं नाव, मंदाकिनी घरत. त्यांनी इंजेक्शन दिलं.

बाईचा नवरा धापा टाकत आला तेव्हा एकच सांगत होता, तिला ते इंजेक्शन चालत नाही हो, फक्त तेवढं देऊ नका... तोवर सगळं आटोपलं होतं.

“उद्या अकराला चौकशी समितीची शेवटची बैठक आहे,” ओजस म्हणाला. “घरत सिस्टरांना कामावरून काढणार. पोलिसांतही त्यांच्याच नावानं तक्रार जाणार आहे.”

“का?”

“कोणाला न विचारताच ‘नाही’ लिहिलं म्हणून.”

“त्यांनी लिहिलं?”

ओजस सुपातल्या तांदळाकडे पाहू लागला.

“आलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी साठवून ठेवतोस ना?” सरांनी विचारलं.

“ठेवतो.”

“काढून पाहिलीस?”

“...पाहिली.”

“काय होतं त्या रकान्यात?”

“काही नव्हतं, सर. मोकळा होता.”

“आणखी कोणी पाहिली?”

“नाही. ती असते, हेच तिथे कोणाला ठाऊक नाही.”

नदीवरून वारा आला आणि सुपातला कोंडा थोडासा उडाला. सर थांबले. वारा पडल्यावर पुन्हा निवडू लागले.

ओजसचा आवाज चढला. “पण रकाना सोडायचाच कशाला? ‘माहीत नाही’ असं लिहायचं होतं ना त्यांनी! रोज दोनशे फॉर्म येतात सर, प्रत्येक मोकळ्या जागेचं मी काय करत बसू? तीन वर्षं ती ओळ तिथे आहे. कधी काही बिघडलं नाही. मी काही कोणाचं वाईट चिंतून ती लिहिली नव्हती. माझी चूक नाही यात. हो ना, सर?”

सरांचा हात सुपातच थबकला. त्यांनी ओजसकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

बोलले मात्र काहीच नाहीत...

ओजस वाट पाहत राहिला. मग त्यानं मोठा श्वास सोडला.

“तुम्हालाही तसंच वाटतं तर,” तो म्हणाला.

“असं मी कधी म्हणालो?”

सर सूप बाजूला ठेवून उठले. “पानं मांडली आहेत. हात धू आणि आज आमटी तू वाढ.”

असल्या वेळी हा माणूस आमटीचं काय घेऊन बसलाय, असं ओजसच्या मनात आलंच. पण जुनी सवय मोडत नाही. त्यानं हात धुतले.

त्या मठात पंगतीचा एक रिवाज होता. वाढणाऱ्यानं प्रत्येक पानासमोर उभं राहून विचारायचं आणि समोरच्यानं सांगितल्याशिवाय पुढच्या पानाकडे जायचं नाही. सगळ्यांचं विचारून होईपर्यंत कोणी घासाला हात लावत नसे. सरांनी ओजसला हे सांगितलं, आमटीची बादली आणि ओगराळं त्याच्या हाती दिलं आणि स्वतः मागे राहिले.

“आमटी?”

“घाल बाबा.”

“आमटी?”

“अर्धं ओगराळं. तिखट सोसत नाही आता.”

“आमटी?”

“मला नको, ताक घेईन.”

काम सोपं होतं. ओजसला बरंही वाटलं, हात चालू असले की डोक्याला जरा विसावा मिळतो. त्याच्या चालीला वेग आला.

पंगतीच्या मध्यावर नीलाक्का बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर धुवट पांढरं लुगडं. नजर पानावर.

“आमटी?”

नीलाक्का काही बोलल्या नाहीत.

“आजी, आमटी हवी का?”

उत्तर नाही. बादलीचं ओझं हाताला रग लावत होतं आणि पुढे पंधरा पानं बाकी होती. ओजस पुढच्या पानासमोर गेला.

शेवटच्या पानापर्यंत वाढून त्यानं बादली खाली ठेवली आणि मागे वळून पाहिलं.

कोणीच जेवत नव्हतं.

तीस माणसं मांडीवर हात ठेवून बसली होती. भातावरची वाफ विरत चालली होती. कोणी चुळबुळत नव्हतं की कोणी त्याच्याकडे रोखून पाहत नव्हतं. सगळी नुसती थांबली होती. सर नीलाक्कांच्या पानासमोर उभे होते.

“यांना आमटी नको आहे?” सरांनी विचारलं.

“नको आहे, सर.”

“कोण म्हणालं?”

“मी दोनदा विचारलं. त्या बोलल्याच नाहीत.”

“त्या श्रावणभर बोलत नाहीत, मौन असतं त्यांचं. मी वेगळं विचारतोय. नको, असं कोण म्हणालं?”

ओजसनं पंगतीकडे पाहिलं. कोणी रागावलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. कोणी रागावलेलं नव्हतं.

“मी,” तो म्हणाला. “नको, असं मी म्हणालो.”

त्यानं बादली उचलली आणि नीलाक्कांसमोर येऊन गुडघे टेकून बसला.

“आक्का, आमटी वाढू?”

या खेपेला तो थांबला. नीलाक्कांच्या हाताला कंप होता. हात मांडीवरून सुटायलाच वेळ लागला. मग तो हळूहळू पानापर्यंत आला आणि त्यांनी द्रोण दोन बोटं पुढे सरकवला.

ओजसनं द्रोण भरला. पंगत जेवू लागली.

जेवणं उरकल्यावर तो मागच्या नळाशी भांडी घासायला बसला. कोणी सांगितलं नव्हतं. सर शेजारच्या दगडावर येऊन टेकले. ओजस राखेनं ओगराळं घासत होता.

“परवा घरत सिस्टर मला जिन्यात भेटल्या,” ओजस मान वर न करता म्हणाला. “एकोणीस वर्षं नोकरी केली आहे त्यांनी. मला म्हणाल्या, साहेब, मी तो रकाना मोकळाच सोडला होता ना? सगळे इतकं ठासून सांगतात की आता मलाच आठवेनासं झालंय...”

“मग?”

“मी फोन कानाला लावला. फोन आलेला नव्हता, सर.”

त्याचे डोळे भरून आले. हात राखेनं माखलेले, पुसायचीही सोय नव्हती. लाज, भीती आणि घरत सिस्टरांचा तो थकलेला चेहरा, सगळं एकदमच दाटून आलं. गेलेल्या बाईच्या नवऱ्याचा चेहरा तर त्यानं पाहिलाही नव्हता, पाहायला तो गेलाच नव्हता.

तरीही माणूस शेवटची काडी सोडत नाही. ओजसनंही सोडली नाही.

“पण सर, मी खोटं बोललेलो नाही,” तो म्हणाला. “पहिल्याच बैठकीत समितीनं मला विचारलं होतं, रकाना मोकळा आला होता का म्हणून. मी गप्प बसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. खोटं एक अक्षर माझ्या तोंडून गेलेलं नाही.”

सरांनी त्याच्या हातातलं ओगराळं घेतलं, पाण्याखाली धरलं, निथळू दिलं...

“मग तुझ्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं?”